चार दिवसांचा आठवडा : उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसचं पहिलं वर्ष

१ एप्रिल २०२४ पासून आमचं ऑफिस आठवड्याचे चारच दिवस उघडतं. सोमवार ते गुरुवार काम, शुक्रवार ते रविवार कुलूप. वीज आणि पेट्रोल वाचावं म्हणून हे केलं आणि आता मे २०२५ मध्ये वर्षभराचा हिशेब हातात आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीतले ओळखीचे लोक सारखे विचारतात, "लेबर ऑफिसला काय दिलंत? पगार कापला का? बिल किती उतरलं?" प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदाच क्रमाने लिहिते आहे.

आमचं ऑफिस कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. फौंड्रीवाल्यांसाठी, म्हणजे धातू वितळवून ओतणाऱ्या कारखान्यांसाठी, पॅटर्नची (साच्याच्या नमुन्यांची) आणि कास्टिंगची (ओतीव भागांची) ड्रॉइंग, फिक्श्चरचं (काम करताना भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाचं) डिझाइन, कोटेशन असं काम. माणसं अठरा. मी हिशेब, पगार, पीएफ-ईएसआयचे भरणे आणि ऑफिसची सगळी व्यवस्था बघते. आमचा कारखाना नाही, आम्ही शॉप ॲक्टमध्ये (दुकाने व आस्थापना कायद्यात) येतो. हे आधी सांगते कारण कारखान्याला वेगळा कायदा लागतो आणि तिथे माझे कागद जसेच्या तसे चालणार नाहीत.

जानेवारी २०२४ मध्ये वर्षअखेरीची तयारी करताना मी विजेची बारा बिलं एकाखाली एक मांडली. उन्हाळ्यात महिन्याला ४५,००० रुपयांच्या आसपास बिल येत होतं. त्यातच साहेबांच्या मनात सगळ्यांना पेट्रोल भत्ता वाढवून द्यायचा होता, कारण लिटरला शंभराच्या वर दर जाऊन बराच काळ लोटला होता आणि कागल, पेठ वडगाव, पन्हाळ्याच्या बाजूने येणाऱ्यांचं महिन्याचं गणित कोलमडत होतं. भत्ता वाढवायचा तर पैसा कुठून आणायचा, या बोलण्यात मी म्हटलं, भत्ता वाढवण्याऐवजी फेऱ्याच कमी केल्या तर? साहेबांनी लगेच नाही म्हटलं नाही. म्हणाले, "आकडे काढून आणा, मग बोलू."

मग वाचायला बसले. वीज वाचवण्यासाठी कामाचे दिवस कमी करणं नवं नाही. ब्रिटनने १९७४ च्या जानेवारी ते मार्चमध्ये कोळशाच्या टंचाईमुळे बहुतेक उद्योगांना आठवड्यात तीनच दिवस वीज वापरायची परवानगी दिली होती. शेजारच्या श्रीलंकेने जून २०२२ मध्ये इंधन मिळेना म्हणून सरकारी कर्मचाऱ्यांना शुक्रवारची सुट्टी दिली, घरी भाजीपाला लावा असंही सांगितलं. मायक्रोसॉफ्टच्या जपानमधल्या शाखेने ऑगस्ट २०१९ मध्ये सगळे शुक्रवार बंद ठेवले आणि विजेचा वापर २३ टक्क्यांनी कमी झाल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे राज्य सरकारची कार्यालयं २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांची झालीच आहेत.

पण मला सगळ्यात उपयोगी पडलं ते अमेरिकेतल्या युटा राज्याचं उदाहरण. तिथे ऑगस्ट २००८ मध्ये सरकारी कामकाज चार दिवस, रोज दहा तास असं केलं होतं. शुक्रवारी सुट्टी. सगळ्या इमारती काही बंद ठेवता आल्या नाहीत, इंधनाचे दर पुढे उतरले, वीज अंदाजापेक्षा फार कमी वाचली आणि २०११ मध्ये ते पाच दिवसांवर परत आले. यातून मी एक गोष्ट पक्की धरली, ती अजूनही धरून आहे. बचत माणसांच्या सुट्टीतून होत नाही, जागा पूर्ण बंद राहण्यातून होते. निम्मी माणसं शुक्रवारी, निम्मी सोमवारी सुट्टीवर गेली तर पेट्रोल वाचेल, पण एसी, दिवे, सर्व्हर, पाण्याचा कूलर सहाही दिवस चालूच राहणार. शेजारच्या काही ऑफिसांत हल्ली आळीपाळीची सुट्टी सुरू झाली आहे. माणसांसाठी ती चांगलीच, पण विजेच्या बिलात तिचा फरक शोधू नका.

तासांचा हिशेब असा. आधी आम्ही सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसहा बसायचो, मध्ये तासभर जेवण आणि चहा. म्हणजे रोज साडेसात तास, सहा दिवस, आठवड्याला ४५. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२४ मध्ये दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती द्यावी लागायची आणि येण्यापासून जाण्यापर्यंतचा एकूण पसारा साडेदहा तासांच्या वर जाऊन चालत नव्हता. नऊ तासांच्या वर गेलं की जादा वेळेचे दुप्पट पैसे द्यावे लागायचे. त्यामुळे "चार दिवस रोज बारा तास" असं जे लोक सहज बोलतात ते आमच्यासाठी बादच होतं. आम्ही साडेआठ ते सहा धरलं. अर्धा तास जेवण, नऊ तास काम, आठवड्याला ३६. पंचेचाळीसचे छत्तीस झाले तरी पगार तोच राहणार, हे मी पहिल्या कागदावरच लिहिलं होतं. साहेब त्या ओळीवर बराच वेळ थांबले. शेवटी म्हणाले, "तीन महिने बघू. ड्रॉइंग वेळेत गेली पाहिजेत, पार्टीची (गिऱ्हाइकाची) तक्रार आली नाही पाहिजे."

फेब्रुवारीत सगळ्यांना बसवून सांगितलं. मला वाटलं होतं टाळ्या पडतील. तरुण पोरं खूश झालीच. पण आमचे सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन काका गप्प होते. नंतर माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, आज दोन दिवस सुट्टी म्हणायचं आणि सहा महिन्यांनी पगारात काट लावायची, असं मी आधीच्या नोकरीत बघिटलंय. कामच न्हाई म्हणून सुरुवात अशीच हुतीया." त्यांची भीती अगदी रास्त होती. मंदीत कामाचे दिवस कमी झालेले कारखाने या उद्यमनगराने पाहिले आहेत. त्या दिवशी ठरवलं की तोंडी काही ठेवायचं नाही. प्रत्येकाला लेटरहेडवर पत्र द्यायचं आणि त्यात महिन्याचा पगार, भत्ते, बोनस, पीएफ यांत कुठलाही बदल होणार नाही असं स्पष्ट लिहायचं. तुम्ही हे करणार असाल तर सगळ्यात आधी हे पत्र काढा. त्यानंतर ऑफिसातलं वातावरणच बदललं.

मग कागद. आमच्या कामगार कायदा सल्लागारांनी एकूण ६,००० रुपये घेतले आणि ते पैसे वसूल झाले, कारण त्यांनी दाखवलेली एक गोष्ट मला स्वतःला कधीच दिसली नसती. शॉप ॲक्टप्रमाणे वर्षात २४० दिवस काम केलेल्या माणसाला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. आता आठवड्याला चार दिवस म्हणजे वर्षाचे ५२ आठवडे धरले तरी २०८ दिवसच होतात. म्हणजे कागदावर एकही माणूस २४० च्या जवळ जात नाही! सुट्टी वाढवायला निघालो आणि हक्काची रजाच बुडवून बसलो, असं झालं असतं. यावर उपाय सोपा निघाला. पत्रात कलम घातलं की रजेच्या हिशेबासाठी शुक्रवार-शनिवारचे दिवस काम केल्याचे धरले जातील आणि रजा आधीच्याच दराने मिळेल. कायद्यापेक्षा जास्त देण्याला कुणाची आडकाठी नसते. ग्रॅच्युइटीबाबत कायद्यानेच सोय केली आहे. आठवड्यात सहापेक्षा कमी दिवस चालणाऱ्या आस्थापनेसाठी २४० ऐवजी १९० दिवसांची अट आहे. पीएफ आणि ईएसआय पगारावर असल्याने तिथे काहीच बदललं नाही.

दुसरं, कामाच्या वेळा आणि सुट्ट्या बदलायच्या तर तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागत होती. बदल कामगारांच्या फायद्याचा आहे, मग कशाला, असं साहेबांना वाटत होतं. पण रोजचे तास साडेसातवरून नऊ होत होते, ते फायद्याचं की तोट्याचं हे उद्या कोण कसं ठरवेल सांगता येत नाही. म्हणून गुरुवारी, ७ मार्चला नोटीस फलकावर लावली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि प्रती घेऊन मी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेले. पोटात गोळा होताच. आवकच्या टेबलावरच्या बाईंनी नोटीस दोनदा वाचली आणि विचारलं, "पगार कमी करताय का?" मी म्हटलं, नाही. "मग दिवस कमी करताय?" मी म्हटलं, हो. त्यांनी चष्म्यावरून बघत शिक्का मारला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे उलटे अर्ज येतात." आवक क्रमांक टाकलेली प्रत जपून ठेवा. पुढे बँकेपासून विम्यापर्यंत कुणी विचारलं की तीच दाखवता येते.

या तीन आठवड्यांत बाकीची तयारी केली. हजेरीच्या मशिनमध्ये नवी शिफ्ट घालायला त्या माणसाने १,५०० रुपये घेतले. सगळ्या पार्ट्यांना मेल आणि व्हॉट्सॲपवर कळवलं. मेलच्या खाली कायमची ओळ टाकली की शुक्रवार ते रविवार ऑफिस बंद, तातडीच्या कामाला अमुक नंबर. तो एक मोबाइल आळीपाळीने एकेकाकडे असतो, ज्याच्याकडे असेल त्याला त्या आठवड्याचा वेगळा भत्ता. फौंड्रीत ओतकाम चालू असताना पॅटर्नमध्ये काही अडलं तर तिथे जाणारे आमचे दोघेच आहेत. त्यांना शुक्रवारी जावं लागलं तर घरून थेट फौंड्रीत जायचं, ऑफिस उघडायचं नाही आणि त्याबद्दल पुढच्या आठवड्यात एक दिवस सुट्टी घ्यायची, असं ठरलं. "ऑफिस उघडायचं नाही" हे मी अधोरेखित करून लिहिलं होतं. एकाने येऊन एक एसी लावला की अख्खी शिस्त मोडते.

साफसफाईच्या मावशींचा प्रश्न कुणाच्याच यादीत नव्हता. त्या रोजाने यायच्या. चार दिवस म्हणजे त्यांचा तिसरा हिस्सा पगार गेला. वीज वाचवायची आणि तिची किंमत मावशींनी द्यायची, हे मला मान्य होणं शक्य नव्हतं. त्यांना महिन्याच्या ठरावीक पगारावर घेतलं, आधी सहा दिवसांचे मिळायचे तेवढेच. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवाल्या दादांचं मात्र दोन दिवसांचं गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. मी त्यांना आधी जाऊन सांगितलं. आता सकाळी लवकर येणाऱ्यांसाठी ते पोहे ठेवतात, त्याने थोडी भर निघते.

एप्रिलचा पहिला आठवडा सरला आणि सुट्ट्यांची रांगच लागली. मंगळवारी ९ तारखेला गुढीपाडवा, गुरुवारी ईद, पुढच्या बुधवारी रामनवमी, मग १ मे बुधवारी आणि ७ मेला लोकसभेचं मतदान, तोही मंगळवार. चारातला एक दिवस गेला की तीनच उरतात. साहेब अस्वस्थ झाले, शुक्रवारी भरून काढायचं का म्हणाले. मी ताणून धरलं, कारण एकदा शुक्रवार उघडला की तो दर सणाला उघडणार. शेवटी कायद्याने द्यायच्या आठ भरपगारी सुट्ट्या आणि मतदानाचा दिवस त्या त्या तारखेलाच पाळायचे आणि इतर सणाला ज्याला हवी त्याने किरकोळ रजा घ्यायची, असा तोडगा निघाला. वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर समोर घेऊन असे अर्धे आठवडे पार्ट्यांना कळवून टाका, ऐनवेळी वाद होत नाहीत.

शरीराला नवी वेळ बसायला मे उजाडला. साडेआठला ऑफिस म्हणजे कागलहून येणाऱ्याला पावणेआठला घर सोडायचं. आमच्या एका मॅडमच्या मुलाची शाळेची रिक्षा पावणेनऊला येते, त्यांना नऊ ते साडेसहा अशी वेळ दिली. पण सहा वाजता सगळे एसी बंदच, शेवटचा अर्धा तास पंख्यावर. कुणीही असो, हा नियम एकच. पहिल्या महिन्यात चारनंतर लोक पेंगायचे, ड्रॉइंगमधल्या मापांच्या चुका वाढल्या. मग तपासणीचं काम सकाळी आणि फोन, मेल, फाइलिंग दुपारनंतर असं फिरवलं. आठवड्याच्या दोन लांबलचक मीटिंगा बंद करून सोमवारी सकाळी वीस मिनिटं उभ्याने बोलणं ठेवलं. नऊ तासांचा खरा बोजा मी सौम्य करून सांगणार नाही. गुरुवारी संध्याकाळी सगळेच दमलेले असतात. ज्यांना घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे त्यांना हे चार दिवस जड जातात, हे आधीच बोलून घ्या.

आता विजेकडे येते, कारण सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथे. महावितरणचं बिल उघडून बघा. त्यात स्थिर आकार वेगळा, वीज आकार वेगळा, वहन आकार वेगळा, वर इंधन समायोजन आणि वीज शुल्क. आमचा मंजूर भार २० किलोवॉटच्या वर असल्याने स्थिर आकार केव्हीएवर, म्हणजे एका वेळी किती विजेची मागणी नोंदली त्यावर, लागतो. ऑफिस चार दिवस चाललं की सहा, त्याला देणंघेणं नाही. कामाच्या दिवशी सगळे एसी आणि सगळी वर्कस्टेशन एकदम चालू असतील तर मागणी तेवढीच नोंदली जाते. म्हणजे दिवस एकतृतीयांशाने घटले म्हणून बिल एकतृतीयांशाने घटेल असं स्वप्न कुणी दाखवू नये. शिवाय रोजचे तास वाढलेले असतात. आमची जागा आधी आठवड्याला ५१ तास उघडी असायची, आता ३८ (त्या एका मॅडमचा शेवटचा अर्धा तास सोडून). पाहायचा फरक तो.

मे महिन्यात मी एक सवय लावून घेतली. गुरुवारी निघताना आणि सोमवारी आल्या आल्या मीटरचा आकडा वहीत टिपायचा. पहिल्याच वेळी बंद ऑफिसने तीन दिवसांत ९० च्या आसपास युनिट खाल्लेले दिसले. कुणीही नसताना! मग गुरुवारी सहानंतर मी आणि आमचा सिस्टिम बघणारा मुलगा दोघं डिस्ट्रिब्युशन बोर्डासमोर उभे राहिलो. एकेक एमसीबी (बोर्डावरचा खटका) खाली करायची आणि मीटरवरचा लाल दिवा किती जलद लुकलुकतो ते बघायचं. पाण्याच्या कूलरची एमसीबी पाडली तसा दिवा एकदम सुस्तावला. मोठ्या प्लॉटरची (ड्रॉइंग छापायच्या यंत्राची) पाडली, आणखी थोडा. वर्कस्टेशन बंद केली तरी मॉनिटर आणि स्पीकरचे ॲडाप्टर गरम लागत होते, म्हणून दर टेबलाचा बोर्डच बंद करायचा ठरलं. सर्व्हरच्या खोलीतला एसी १८ वर होता. तो २७ वर नेला, सर्व्हरला काही झालं नाही. कूलरला ९०० रुपयांचा टायमर बसवला. बोर्डाच्या दारावर आतून कागद चिकटवला, कुठल्या एमसीबी गुरुवारी खाली जायच्या आणि कुठल्या दोन कधीच पाडायच्या नाहीत, सर्व्हर आणि कॅमेऱ्यांची. आता बंद दिवसांचा वापर पन्नासच्या आत असतो. चार दिवसांचा आठवडा केला नसता तर हे कळलंच नसतं, कारण शनिवारी रात्री ते सोमवारी सकाळ एवढ्या फटीत कुणी मीटर बघत नाही.

एसीचं तापमान आम्ही २५ ठेवलं. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या म्हणण्याप्रमाणे दर एक अंशाला साधारण ६ टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून नवे स्टारवाले एसी सुरू होतानाच २४ वर यावेत असा नियमही आहे. यावरून ऑफिसात कुरबुर झाली, पण पंखे चालू ठेवल्यावर ती थांबली.

बिलाची तुलना करताना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. मे २०२३ शी मे २०२४ ताडून पाहिला तेव्हा युनिट पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त उतरले होते आणि रुपयांत बिल सहाव्या हिश्शाने. महिन्याला साधारण साडेसात हजार. पावसाळ्यात एसीच लागत नाही, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये बचत बरीच कमी दिसली. साहेबांनी तेव्हा भुवया उंचावल्या, मी आधीच्या वर्षाची तीच बिलं पुढे ठेवली.

पेट्रोलचा हिशेब वहीवर. प्रत्येकाने घर ते ऑफिस अंतर आणि गाडीचं ॲव्हरेज लिहून दिलं. कागलवाल्याचं उदाहरण घ्या. जाऊन-येऊन ४० किलोमीटर, गाडी लिटरला ५० देते. दोन दिवस वाचले की आठवड्याला दीड लिटरहून जास्त, महिन्याला सात लिटर, म्हणजे सातशेच्या वर रुपये थेट खिशात. सगळ्यांचं मिळून कागदावर महिन्याला ८५ लिटर निघत होतं. पण शुक्रवारी माणूस घरी बसून राहत नाही. कुणी शेतावर जातं, कुणी जोतिबाला, कुणी मुलांना घेऊन रंकाळ्यावर. मी तीन महिने सगळ्यांकडून सुट्टीच्या दिवसांच्या फेऱ्याही लिहून घेतल्या आणि त्या वजा केल्या. खरी बचत ६० लिटरच्या आसपास राहिली. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्या हिशेबाने महिन्याला सव्वाशे-दीडशे किलो. घरातल्या विजेचं मोजायला मात्र मी कुणाला सांगितलं नाही. उन्हाळ्यात घरी कूलर लागतोच, तेवढं सोडून द्यावं लागतं.

तीन महिने जूनअखेर संपले आणि जुलैत पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. आमच्यातल्या प्रत्येकाला हे आकडे पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. या वेळीही पाणी धोका पातळीच्या वर गेलं, केर्लीकडून येणारे अडकले. तेव्हा ठरवलेलं एक कलम कामी आलं. पूर किंवा तशा आपत्तीत सोमवार ते गुरुवारातला दिवस बुडाला तर तो भरून काढायला सांगायचं नाही. शुक्रवारी ज्याला घरून जमेल त्याने स्वेच्छेने ड्रॉइंग पूर्ण करावं, ऑफिस बंदच. काम अडलं नाही. साहेबांनी त्याच आठवड्यात "चालू ठेवू या" म्हटलं.

हिशेबाच्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. भरण्याच्या तारखा सुट्टीच्या दिवशी येतात. जीएसटीची विवरणपत्रं घ्या. जीएसटीआर-३बीची २० तारीख सप्टेंबर आणि डिसेंबर २०२४ मध्ये शुक्रवारी आली, जीएसटीआर-१ ची ११ तारीख ऑक्टोबरमध्ये शुक्रवारी, पीएफ-ईएसआयची १५ तारीख नोव्हेंबरमध्ये शुक्रवारी. मी अशा सगळ्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला त्या आठवड्याच्या बुधवारवर आणून ठेवल्या. गुरुवारवर नाही, कारण पोर्टल अडलं तर हाताशी एक दिवस हवा. बँकेचं आणि सरकारी कार्यालयातलं काम असेल तर शुक्रवार उलट सोयीचा. ती माझी सुट्टी असली तरी घरची असली कामं आता रजा न घेता होतात. गेल्या वर्षात ऑफिसातल्या किरकोळ रजा ठळकपणे कमी झाल्या, कारण लोक दवाखाना, तलाठी, शाळा सगळं शुक्रवारी उरकतात.

कामाचं काय झालं, हे शेवटी सगळे विचारतात. ड्रॉइंगची संख्या आधीइतकीच राहिली, कोटेशन पाठवायला लागणारा वेळ थोडा कमी झाला. एक पार्टी मात्र गेली. त्यांना शनिवारीही माणूस समोर हवा होता आणि त्यांची बाजू मला समजते, त्यांची भट्टी शनिवारी चालू असते. बाकीच्यांनी गुरुवारी दुपारपर्यंत प्रश्न विचारून घ्यायची सवय लावून घेतली. दोन फौंड्रीवाल्यांनी आमच्या कागदांचा नमुना मागून नेला आहे. पण भट्टी चालवणाऱ्यांना मी आधीच सांगितलं की तुमचं गणित वेगळं, भट्टी थंड करून पुन्हा तापवण्याची वीज आधी मोजा, मग दिवस ठरवा.

ड्राफ्ट्समन काकांच्या हातात मार्चमध्ये वर्षाच्या शिल्लक रजेचा कागद दिला तेव्हा त्यांनी तो आधीच्या वर्षीच्या कागदाशी ताडून पाहिला. आकडा तोच होता. "बरोबर हाय," एवढंच म्हणाले आणि सही केली.

एप्रिल २०२५ पासून दुसऱ्या वर्षाची पत्रं दिली आहेत, या वेळी "प्रायोगिक" हा शब्द काढून. बारा महिन्यांची नोंदलेली कमाल मागणी बघून मंजूर भार कमी करण्याचा अर्जही महावितरणकडे ऑनलाइन टाकला आहे, म्हणजे स्थिर आकारातही थोडा उतार पडेल. तुम्ही सुरुवात करणार असाल तर सल्लागाराकडे जाताना बारा महिन्यांची वीजबिलं, शॉप ॲक्टचं नोंदणी प्रमाणपत्र, रजेचं रजिस्टर आणि प्रत्येकाच्या घरापासूनच्या अंतराची यादी एवढं सोबत घ्या. नोटीस लावल्यापासून २१ दिवस मोजून सोमवारी सुरू करा आणि पहिला महिना सणावारांचा नसेल असा निवडा.